नेतृत्व, स्वतःतील बदल आणि कोचिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोचिंगची चौकशी करायला येणारे लोक पहिल्या एक-दोन भेटींत जे विचारतात, ते येथे एकत्र केले आहे. बहुतेक प्रश्न नव्याने टीम सांभाळू लागलेल्यांचे आहेत. काही मात्र वीस-वीस वर्षे माणसांकडून काम करून घेतल्यानंतर पडलेले आहेत आणि त्यांची उत्तरे देताना मलाही अधिक विचार करावा लागतो.

कोचिंग म्हणजे नेमके काय? मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि समुपदेशन यांपेक्षा ते वेगळे कसे?

मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की आधी परीक्षेची शिकवणी आठवते, त्यामुळे सुरुवातीलाच गोंधळ होतो. येथे अभिप्रेत असलेल्या कोचिंगमध्ये कोणी कोणाला विषय शिकवत नाही. ज्याला स्वतःच्या कामात किंवा वागण्यात काही बदल घडवायचा आहे, अशा व्यक्तीशी ठरावीक अंतराने होणारे आणि ठरवलेल्या उद्दिष्टाला धरून चालणारे संभाषण, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. विचार करण्याचे काम त्या व्यक्तीचे असते. कोच ऐकतो, प्रश्न विचारतो, बोलण्यातील विसंगती दाखवून देतो आणि मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीचे काय झाले, हे न विसरता विचारतो.

मेंटॉर आपल्या अनुभवातून वाट दाखवतो, सल्लागार परिस्थितीचा अभ्यास करून उपाय सुचवतो, प्रशिक्षक कौशल्य शिकवतो आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ मनाच्या दुखण्यावर काम करतो. या सीमा कागदावर दिसतात तितक्या रेखीव प्रत्यक्षात नसतात, पण शेवटची सीमा मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. झोप उडालेली, कशातच मन न लागणारी, जगणे नकोसे झाल्याचे बोलण्यातून सुचवणारी व्यक्ती समोर असताना तिला पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट विचारणे हा निष्काळजीपणा आहे. अशा व्यक्तीला वेळ न दवडता योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्या क्षणी कोचचे काम असते.

ही पद्धत आली कुठून?

हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथे पंधराव्या शतकात बनणाऱ्या घोडागाड्या पुढे युरोपभर गाजल्या आणि गाडीलाच गावाचे नाव पडले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेच्या पैलतीराला नेऊन सोडणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीने ‘कोच’ म्हणू लागले, आणि खेळाच्या मैदानावर हा शब्द त्यानंतर पोहोचला. म्हणजे शिकवणीचा अर्थ घेणारे चुकत नाहीत. उलट तोच अर्थ जुना आहे.

आजच्या पद्धतीचे एक मूळ टेनिसमध्ये सापडते. टेनिस शिकवणारे टिमोथी गॅल्वे यांच्या लक्षात आले की, रॅकेट असे धर, मनगट तसे वळव, अशा सूचनांचा मारा केला की खेळाडू आखडतो. म्हणून ते खेळाडूला एवढेच सांगत, की चेंडू टप्पा घेईल तेव्हा आणि रॅकेटला लागेल तेव्हा तसे मोठ्याने म्हणायचे. लक्ष चेंडूवर खिळले की फटका बऱ्याच अंशी आपसूक सुधारतो, हे त्यांनी १९७४ साली पुस्तकरूपाने मांडले. पूर्वाश्रमी मोटारशर्यतींत भाग घेणारे जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कार्यालयांत आणला आणि त्यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे कोचिंगच्या संभाषणाचे चार टप्पे सांगणारा ‘ग्रो’ हा आराखडा सर्वत्र परिचित झाला. कोचांची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची स्थापना थॉमस लिओनार्ड यांनी १९९५ साली केली.

कोचकडे अनुभव असेल, तर तो सरळ उत्तर का सांगत नाही?

हा प्रश्न बहुधा थोड्या चिडीने विचारला जातो आणि ती चीड समजण्यासारखी आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाला प्रश्नांची माळ नको असते, सुटका हवी असते.

माझ्या सुरुवातीच्या काळात उत्पादन विभाग सांभाळणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. हाताखालच्यांवर काम सोपवणे त्यांना जमत नव्हते आणि रोज रात्री उशिरापर्यंत ते इतरांचे अहवाल दुरुस्त करत बसत. मी विसाव्या मिनिटाला त्यांना आठवड्याचे एक सुबक वेळापत्रक आखून दिले: कोणता अहवाल कोणाकडे द्यायचा, कधी तपासायचा, कधी अजिबात पाहायचा नाही. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले, मनापासून आभार मानले, आणि पुढच्या भेटीचा निम्मा वेळ ते का जमले नाही याची सफाई देण्यात घालवला. मी त्यांना मदत केली नव्हती. त्यांच्या डोक्यावर आणखी एक वरिष्ठ बसवला होता. खरी अडचण वेळापत्रकाची नव्हतीच, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळले. पूर्वी एकदा न तपासता पुढे गेलेल्या अहवालातील चुकीबद्दल त्यांना सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागले होते.

सल्ला टाळण्यामागे एवढेच कारण आहे. माणूस पहिल्या वाक्यात जी अडचण सांगतो, ती अनेकदा अडचणीचे बाहेरचे टोक असते, आणि आपण जितक्या लवकर उत्तर देतो तितक्या लवकर त्याचे बोलणे थांबते. शिवाय दुसऱ्याने दिलेले उत्तर पहिल्या अडथळ्यालाच गळून पडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात स्वायत्तता, कार्यक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते या तीन मूलभूत मानसिक गरजा मानल्या आहेत. तयार सल्ला यांतील पहिलीला धक्का लावतो आणि बऱ्याचदा दुसरीलाही.

याचा अतिरेकही होतो, हे कबूल करायला हवे. केवळ माहिती हवी असलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारत राहणारा कोच वैताग आणतो. जे माहितीने सुटते, ते सांगून मोकळे व्हावे.

एका सत्रात प्रत्यक्षात काय घडते?

‘ग्रो’ आराखड्यानुसार संभाषण चार टप्प्यांतून जाते: काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणते पर्याय आहेत आणि त्यांपैकी काय करणार. कागदावर हे टप्पे ओळीने येतात, पण सत्रात ते पुढे-मागे होतात. माझ्या मते दुसरा टप्पा सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत जास्त घाई तिथेच केली जाते. ‘आज स्थिती काय आहे’ याचे उत्तर म्हणून लोक आपले मत सांगतात; पाहिलेले क्वचितच सांगतात.

एका विभागप्रमुख बाईंची तक्रार होती, “माझी माणसं पुढाकारच घेत नाहीत.” बैठकीत त्या प्रश्न विचारत आणि सगळे गप्प बसत. “तुम्ही प्रश्न विचारल्यावर पुढे नेमकं काय होतं?” असे मी विचारले. “काहीच होत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही कोणताही उपाय ठरवला नाही. पुढच्या दोन बैठकांत त्यांनी फक्त नोंद करायची होती: प्रश्न विचारल्यानंतर पहिला आवाज कोणाचा आला.

पुढच्या वेळी त्यांनी डायरी उघडून माझ्यासमोर सरकवली. एका बाजूला अकरा रेघा होत्या, प्रत्येक प्रश्नासाठी एक. त्यांपैकी नऊ रेघांवर त्यांनी स्वतःच्या नावाचे आद्याक्षर लिहिले होते. त्या बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मीच विचारते आणि मीच सांगते. ते बिचारे माझं संपायची वाट बघतात.”

पुढचा उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. प्रश्न विचारला की हातातले पेन टेबलावर ठेवायचे आणि दुसरे कोणी बोलेपर्यंत उचलायचे नाही. पहिल्या बैठकीतील शांतता त्यांना असह्य झाली. तिसऱ्या आठवड्यात टीममधील सर्वांत कनिष्ठ मुलाने तोंड उघडले ते त्यांनीच आखलेले वेळापत्रक चुकीचे आहे, हे सांगायला. त्यांना ते आवडले नाही आणि तसे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. पुढाकार हवा म्हणजे विरोधही आला, हा हिशेब त्यांनी आधी केलेला नव्हता, आणि पुढची दोन सत्रे आम्ही त्यावरच घालवली.

शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवकाश तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. कार्यालयातील बैठका वर्गापेक्षा फार निराळ्या असतात, असे मला वाटत नाही.

स्वतःचे दोष स्वतःला दिसत नसतील, तर सुरुवात कुठून करावी?

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली जोहरी खिडकी म्हणून ओळखली जाणारी चौकट मांडली. तिच्या चार कप्प्यांपैकी एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या, पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. पद वाढते तसा हा कप्पा मोठा होत जातो, कारण तोंडावर खरे बोलणारी माणसे कमी होत जातात.

‘माझ्याबद्दल मोकळेपणाने सांगा’ असे म्हटल्याने कोणी मोकळे होत नाही. प्रश्न लहान आणि पुढच्या काळाबद्दलचा असावा. उदाहरणार्थ, ‘पुढच्या बैठकीत मी कोणती एक गोष्ट वेगळी करावी?’ उत्तर मिळाल्यावर बाजू मांडायची नाही, कारणे द्यायची नाहीत. लिहून घ्यायचे, आभार मानायचे आणि त्यांपैकी एखादी गोष्ट खरोखर करून दाखवायची. पहिल्या वेळी लोक किरकोळ गोष्ट सांगून तुमची परीक्षा पाहतात. खरे उत्तर तिसऱ्या-चौथ्या वेळी येते.

फीडबॅक दिला की माणूस सुधारतो, हे खरे आहे का?

नेहमी नाही. आव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली या विषयावरील जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सरासरीने कामगिरी सुधारलेली दिसली, पण एक-तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत ती फीडबॅकनंतर घसरली होती. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला रोज उपयोगी पडते: लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की फीडबॅकचा परिणाम कमी होत जातो. ‘तू बेजबाबदार आहेस’ हे वाक्य ऐकणारा आपली अब्रू वाचवण्याच्या मागे लागतो. ‘मंगळवारचा अहवाल गुरुवारी आला, त्यामुळे ग्राहकासमोर आपल्याकडे आकडे नव्हते; काय झाले होते?’ असे विचारले की बोलणे अहवालाविषयी राहते. ‘तू फार हुशार आहेस’ ही स्तुतीसुद्धा त्याच कारणाने फारशी कामाची नसते. स्तुती, मग टीका, मग पुन्हा स्तुती, ही चाल लोक आता ओळखून आहेत. पहिले गोड वाक्य कानावर पडताच ते पुढच्या घावासाठी सावरून बसतात.

माझ्या टीममध्ये चुका फारशा नोंदल्या जात नाहीत. हे चांगलेच लक्षण ना?

तसे गृहीत धरू नये. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या, आणि त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाचा रोख असा होता की तेथे चुका अधिक होत नसून त्यांविषयी बोलण्याची मोकळीक अधिक असावी. यातूनच पुढे १९९९ साली त्यांनी टीममधील मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे न घाबरता चूक बोलून दाखवता येण्याच्या विश्वासाची, कल्पना मांडली. शेवटची वाईट बातमी तुमच्यापर्यंत कोणी, किती दिवसांनी आणली, ते आठवून पाहा.

नेतृत्व जन्मजात असते का?

थोडेफार. मिनेसोटातील जुळ्या भावांवरील २००६ च्या एका अभ्यासात, नेतृत्वाची पदे कोणाला मिळतात यातील फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता आला. उरलेला भाग बराच मोठा आहे. त्यातही तो अभ्यास पद मिळण्याविषयी होता. ते पद कसे सांभाळले याविषयी नव्हता.

एखादी सवय बदलायला एकवीस दिवस लागतात, हे बरोबर आहे का?

एकवीस दिवसांची कल्पना प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील ‘किमान’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने मोठे नुकसान झाले नाही, हा त्यातील दिलासा देणारा भाग आहे.

दिवस मोजण्यापेक्षा प्रसंग ठरवणे अधिक उपयोगी पडते. पीटर गोलविट्झर यांनी ‘जर असे झाले, तर मी तसे करीन’ या घाटातील संकल्पांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे, आणि २००६ साली अशा ९४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात त्यांचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘मी अधिक ऐकून घेईन’ या निश्चयाला धरायला जागाच नसते. ‘कोणी माझ्या म्हणण्याला विरोध केला, तर आधी एक प्रश्न विचारीन आणि मगच उत्तर देईन’ याला असते. वर सांगितलेल्या बाईंचे पेन हेच काम करत होते.

सगळे कळत असूनही वळत नाही, ते का?

रॉबर्ट केगन आणि लिसा लाही यांचे म्हणणे असे, की आपण आळसामुळे नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या लपलेल्या निष्ठेमुळे अडतो. ज्याला काम सोपवायचे आहे त्याला त्याच वेळी आपली गरज टिकवायचीही असते. आपल्याशिवाय काम नीट झाले तर आपण तिथे कशासाठी, ही भीती तो स्वतःशीही बोलत नाही. अशा माणसाला वेळेच्या नियोजनाचे प्रशिक्षण दिले तर तो ते उत्तम प्रकारे शिकतो आणि वाचलेला वेळ पुन्हा इतरांचे अहवाल तपासण्यात घालवतो. येथे धीर देण्यापेक्षा लहानसा प्रयोग करून पाहणे अधिक फलदायी ठरते. चुकला तरी फार बिघडणार नाही असा एक अहवाल न पाहता जाऊ द्यावा आणि काय होते ते पाहावे. भीती खरी निघाली तर तेही समजते.

मॅनेजर म्हणून मी माझ्या लोकांचा कोच व्हावे का?

कोचची साधने जरूर वापरावीत. कोच असल्याचा आव आणू नये. ज्याच्या हाती समोरच्याची बढती आहे, त्याच्यापुढे कोणी आपली सगळी धास्ती उघडी करत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

प्रश्न विचारण्यालाही वेळ असते. आग लागली असेल तर आज्ञा द्यावी. काल रुजू झालेल्या माणसाला ‘तुझ्या मते ही यंत्रणा कशी चालवावी?’ असे विचारणे हा छळ आहे. त्याला दाखवून द्यावे. काम येत असूनही जो दर वेळी दारात येऊन ‘आता काय करू?’ विचारतो, त्याच्याबाबतीत मात्र उत्तर गिळून ‘तुम्ही काय करायचं ठरवलं असतं?’ असे विचारणे योग्य. पहिले काही दिवस यात वेळ अधिक जातो. ज्यांचा दिवस अशा उत्तरांनीच भरलेला असतो, त्यांना दारातील वर्दळ कमी झाल्यावर थोडे ओकेबोके वाटते, हे मी अनेकांकडून ऐकले आहे.

कोचिंगचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

२०१४ साली टिम थीबूम आणि सहकाऱ्यांनी संस्थांमधील कोचिंगविषयीच्या १८ अभ्यासांचे विश्लेषण केले आणि कामगिरी, मनःस्वास्थ्य, कामाविषयीचा दृष्टिकोन व उद्दिष्टांचा पाठपुरावा यांवर त्याचा लक्षणीय परिणाम नोंदवला. अभ्यासांची संख्या लहान आहे आणि स्वतःविषयी स्वतःच दिलेल्या माहितीवर बराच भर आहे, त्यामुळे ‘आयुष्य पालटून टाकतो’ अशा जाहिरातींना त्यातून आधार मिळत नाही. शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २०११ साली लिहिलेला अनुभव मला अधिक बोलका वाटतो. कारकिर्दीत स्थिरावल्यानंतर त्यांनी आपल्या एका निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात येऊन केवळ निरीक्षण करायला सांगितले, आणि हाताच्या कोपराची ठेवण, प्रकाशझोताची दिशा अशा बारीकसारीक गोष्टी त्यांना नव्याने दिसल्या.

कोच कसा निवडावा?

बहुतेक ठिकाणी या व्यवसायासाठी सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण व १०० तासांचा अनुभव, दुसऱ्या पातळीसाठी १२५ व ५०० तास आणि सर्वोच्च पातळीसाठी २०० व २,५०० तास लागतात. प्रमाणपत्र म्हणजे हमी नव्हे, पण चाळणी म्हणून ते चालते. ओळखीच्या सत्रात कोण किती बोलले, हे मात्र अवश्य पाहावे. कोच जास्त बोलला असेल तर दुसरा शोधावा.

माझ्या कंपनीने कोच नेमला आहे. मी बोललेले वरिष्ठांपर्यंत जाईल का?

हे पहिल्या सत्राच्या आधी, तुम्ही, कोच आणि कंपनीचा प्रतिनिधी अशा तिघांच्या उपस्थितीत आणि शक्यतो लेखी ठरवून घ्यावे. सर्वसाधारण रीत अशी, की उद्दिष्टे आणि सत्रांची हजेरी कंपनीला कळते, संभाषण कळत नाही; कायद्याने सांगणे भाग असलेल्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असलेल्या गोष्टी याला अपवाद असतात. ‘बघू, वेळ आली की ठरवू’ असे उत्तर मिळाले, तर मोकळेपणाने बोलू नये.

किती सत्रे लागतात, आणि थांबावे कधी?

दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा ते बारा सत्रे, ही माझी पद्धत आहे. त्याहून कमी अंतर ठेवले तर मधल्या काळात करून पाहायला प्रसंगच मिळत नाहीत. थांबण्याची वेळ ओळखायला एक खूण मी पाहतो. सत्राच्या सुरुवातीला मी विचारणार असलेला प्रश्न समोरची व्यक्ती माझ्याआधी विचारते आणि त्याचे उत्तरही घेऊन आलेली असते. त्या विभागप्रमुख बाईंनी आठव्या वेळी डायरी आणलीच नाही. “आता मोजत नाही,” त्या म्हणाल्या. “परवा पेन ठेवायचं विसरले, तर समोरच्यानेच खूण केली.” उरलेली दोन सत्रे आम्ही रद्द केली.